दप्तरखान्यातली खुर्ची

आमचे काका दप्तरखान्यात एकटेच. तीस वर्षं त्यांनी फाटलेला प्रत्येक कागद चिकटपट्टीने जोडला. दुपारच्या उन्हात त्या पट्ट्या मधासारख्या चमकायच्या आणि काका त्यांच्याकडे बघत तंद्रीत जायचे.

यंदा दप्तरखाना अभिलेखपालांच्या राष्ट्रीय संघटनेचा सभासद झाला. “आता शहाणे येऊन मला शिकवणार!” काका गुरगुरले.

संघटनेच्या बाई आल्या. खोलीत एकच खुर्ची, म्हणून त्यांनी उभ्यानेच फाइल उघडली.

“काका, या पट्टीचा गोंद कागद खातो हो.”

काका मटकन खुर्चीत बसले.

“मीही वीस वर्षं हेच केलं,” बाई हळूच म्हणाल्या. “पट्ट्या कशा सोडवायच्या, दाखवते.”

दिवस कलेपर्यंत दोघांच्या मिळून तीनच पट्ट्या सुटल्या. “उद्या येते,” बाई म्हणाल्या.

सकाळी काका घरातली खुर्ची खांद्यावर घेऊन निघाले.