पेपीकची पावती

भावाच्या मधमाश्या अल्बिना क्रेनेकच्या डोळ्यांत खुपत.

टेक्सासमधली बापाची जमीन दोघांत वाटली गेली, तेव्हा कुंपणाची तार बरोबर मधून गेली. गवत तेच, ओढा तोच. पण भावाने, अल्फॉन्सने, एका मधवाल्याला कोपऱ्यात पेट्या ठेवू दिल्या आणि कर-कचेरीच्या लेखी त्याची जमीन शेतीची राहिली. कर नावापुरता. तो व्हरांड्यात बियर घेऊन बसलेला असे.

अल्बिना शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबली होती. आता दावणीला चार गाई आणि एक गोऱ्हा. पहाटेपासून चारा, पाणी. आणि जमीन खरंच शेतीची आहे का, हे तपासायची नोटीस आली ती तिलाच.

कर-कचेरीतून तपासायला आलेली केली नावाची मुलगी स्वभावाने गरीब होती.

"मिस अल्बिना, ही काळी केवढी?"

"लिबूशा? अकरा वर्षांची. ती तिची लेक, बोझेना. आणि हा पेपीक, आमचा लाडोबा."

केलीचं लिहिणं थांबलं. "शेवटचं जनावर कधी विकलंत?"

"यांना विकू?"

"मग ही पाळीव झाली. पाळीव जनावरांवर सवलत नाही मिळत. महिनाअखेरपर्यंत विक्रीची एक तरी पावती दाखवा. नाहीतर घरांच्या प्लॉटचा कर लागेल."

तो कर भरायचा तर जमीनच विकायला लागणार. अल्बिनाने तारेपलीकडे बोट दाखवलं. "त्याच्या माश्यांची नावं विचारलीस?"

"त्यांचा मध विकला जातो, मिस अल्बिना."

त्या दुपारी अल्बिना तारेखालून वाकून गेली. पेट्या रिकाम्या असतील अशी तिला आशा होती. असत्या तर ती थेट कचेरीत जाणार होती. तिने एका पेटीला कान लावला. आत नुसती घोंघों चालली होती.

"काय म्हणतायत?" मागून अल्फॉन्सचा आवाज आला. "तुझी चुगली करत असतील, ताई."

"फुकट्या," ती म्हणाली आणि घरी आली.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी तिने पेपीकला गुरांच्या लिलावात नेलं. रिंगणात तो तिलाच शोधत होता. ती खांबाआड उभी राहिली. दोन कसायांनी बोली लावली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी टोपी हलवली. पुन्हा हलवली. कसायांनी बोली सोडली.

टोपी अल्फॉन्सची होती.

"कसायाकडे जाऊ देऊ का त्याला?" बाहेर तो म्हणाला. "तुला पावती मिळाली ना?"

तिने आभार मानले नाहीत.

केलीने पावती बघून शिक्का मारला. जमीन वाचली. अल्बिना घरी आली तेव्हा संध्याकाळ होत होती. तारेपलीकडे अल्फॉन्स बादलीतून मका घालत होता. पेपीकने बादलीत तोंड खुपसलं होतं.

"पेपीक," तिने हाक मारली.

त्याचा एक कान हलला. तोंड वर आलं नाही.

"ये की इकडे, ताई," अल्फॉन्स म्हणाला. "तूच घाल त्याला."

"मला कामं आहेत."

पण ती हलली नाही. बादली रिकामी होईपर्यंत तारेला धरून उभी होती. मग गोऱ्हा अल्फॉन्सच्या मागोमाग गेला. त्याला ओढावं लागलं नाही.