पेशंटचं पुढे काय झालं

बुवापाड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे किसनभावजी अ‍ॅम्ब्युलन्सवर होते. ड्रायव्हर पुढे, हे मागे पेशंटजवळ. कारखान्यात भाजलेला कामगार असो की अडलेली बाई, वाटभर धीर द्यायचे, उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात उतरवायचे आणि मागे न बघता निघायचे. पेशंट पुढे वाचला की गेला, हे कधी विचारायचे नाहीत.

"वहिनी, एकदा विचारलं ना, की तो माणूस माझ्याबरोबर घरी जेवायला येतो," असं ते मला म्हणाले होते. सुरुवातीला विचारायचे, तेव्हा भरल्या ताटावरून उठून जायचे. विचारणं सोडलं तेव्हापासून निदान दोन घास पोटात जायला लागले.

पण ही सवय मेली घरातही शिरली. मुलीचा दहावीचा निकाल लागला, तर पेढा हातावर ठेवेपर्यंत यांनी चौकशी केली नाही. मी चिडायचे. अंजनी, त्यांची बायको, हसून सोडून द्यायची.

एकोणनव्वदच्या थंडीत अंजनीचं अपेंडिक्स फुटलं. भावजींनी स्वतःच्याच गाडीतून तिला नेलं. दुपारी मी डबा घेऊन पोचले, तर हे आवारात स्ट्रेचर पुसत बसलेले. स्ट्रेचर आधीच लख्ख होतं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"विचारलं नाही."

"अहो, ऑपरेशन झालं का?"

"माहीत नाही, वहिनी." फडकं काही थांबेना.

मला असा संताप आला! बायको आत, आणि हा माणूस तिलाही पेशंटसारखी सोपवून बाहेर आलेला. चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात त्यांचे हात दिसले. पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते. विचारलं नाही तोवर ती जिवंत आहे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. मी फडकं हिसकावलं आणि त्यांना मनगटाला धरून आत नेलं.

वॉर्डाच्या दारात सिस्टर आमच्यावरच खेकसली, "अंजनीबाईंचे नातेवाईक ना? मघापासून हाका मारतेय, होतात कुठे?"

मी विचारणार होते, पण जीभ आवरली आणि भावजींना पुढे केलं. हे त्यांनीच विचारायला हवं होतं.

"सिस्टर... कशी आहे ती?"

"शुद्धीवर आलीये. पाणी पाणी करून डोकं खातेय माझं. जा आत."

भावजी दाराशीच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. कितीतरी वर्षांचं साचलेलं असणार ते. मीही रडले, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

आत गेल्यावर त्यांनी सुरूच केलं. दुखतंय का, थंडी वाजतेय का, उशी टोचतेय का.

"अहो, किती विचाराल!" अंजनी डोळे मिटूनच म्हणाली. "जरा झोपू द्या की."

"झोप, झोप," ते म्हणाले. मग राहवेना, म्हणून वाकून हळूच विचारलं, "उठशील ना गं?"

"उठते," ती म्हणाली.