जटांवरचा फेटा

आमचे हे नाचत नाहीत. आमच्या लग्नात नाचले नाहीत ते ठीक, तेव्हा ते घोड्यावर होते. पण लेकाच्या वरातीत लेकानं हात धरून ओढलं, तरी विजेच्या खांबाला धरून उभे राहिले. मला त्यांना एकदा तरी नाचताना बघायचं होतं. ही हौस मी मनात दाबून ठेवली असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. टोमणे मारून मारून मीच थकले होते.

त्यांचं गावात नाव आहे ते फेट्यामुळं. परळीत कुणाचा सत्कार असला की कापडदुकान माझ्यावर टाकून हे फेटे बांधायला जातात. मागच्या हिवाळ्यात मैदानावर फुकट गाण्यांचा कार्यक्रम होता. आपल्याकडच्या पोरांचं रॅप, आणि संभाजीनगरला शिकायला आलेल्या आफ्रिकेतल्या पोरांचे ढोल नि गाणी. गाण्याआधी सत्कार आलाच. मीही गेले. खुर्चीवर बसलेली वीजकेंद्राची राख पदरानं पुसली आणि अगदी पुढं बसले.

नायजेरियाचा मुख्य गाणारा चांगला उंच, जटा कमरेपर्यंत. शेजारच्या म्हातारीनं लगेच हात जोडले. वैजनाथाच्या गावात जटा दिसल्या की हात जुळतातच. यांना मात्र घाम फुटला. जटा वर गुंडाळल्या तर एका फेट्यात डोकं मावेना. शेवटी त्याला दुसरा फेटा जोडला, कसाबसा बांधला आणि खाली येऊन माझ्याजवळ बसले.

"सांधा लई कच्चा हाय," म्हणाले.

"मग गाताना काढून ठेव म्हणायचं त्याला."

"कावून काढंल? मानाचा फेटा हाय. पण भुईवर पडला तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

आधी आपली पोरं आली. भांडताना बोलतात तसंच बोलत होती, फक्त तालात. मला भारी आवडलं. मग ढोल सुरू झाले आणि तो उंच गडी अशा उड्या मारायला लागला की सगळं मैदान उठलं. यांचं गाण्याकडं लक्षच नव्हतं, नजर फेट्यावर.

आणि सांधा सुटला. कापड पाठीवरून घसरत खाली निघालं. हे चपला तिथंच टाकून धावत स्टेजवर चढले. ढोल चालू, त्यामुळं गाणारा काही थांबेना. यांनी कापडाचं टोक पकडलं आणि त्याच्याबरोबर निघाले. तो डावीकडं की हे डावीकडं, तो वाकला की हे वाकले, त्यानं गिरकी घेतली की हे कापड गुंडाळत त्याच्याभोवती फिरले. बघता बघता यांचे पाय तालात पडायला लागले. मैदानभर शिट्ट्या. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. इतका आनंद मला लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.

घरी जाताना मी म्हणाले, "नाचलात की वो शेवटी."

"नाचतोय कशाला? फेटा बांधत हुतो."

मी बरं म्हटलं. फेटा पक्का बसल्यावरही पुढची दोन गाणी हे स्टेजवरच होते, दोन्ही हात वर करून. तेव्हा काय बांधत होते, ते मी विचारलं नाही.