सोळावा ड्यूक

पेरोनेल मावशी जाऊन तीन वर्षं झाली. मठाच्या फाटकाशी पावाची रांग लागली की अजून माझी नजर तिच्या जागेकडे जाते. खांबाच्या डाव्या हाताला, वारा लागणार नाही अशी जागा होती तिची. आता तिथं दुसरं कुणी उभं राहिलं तर मला उगाच राग येतो, आणि रांगेतल्या बायका म्हणतात, आपली गिबूर आज भट्टीपेक्षा तापलीय. म्हणू देत.

मी मठाची भट्टी सांभाळते. माझी आई सांभाळायची, तिच्या आधी तिची आई. आमच्या व्हालरोशच्या ड्यूक घराण्यात जो ड्यूक मरेल, तो मरताना मठाला जमीन देऊन जायचा, आणि तिच्या उत्पन्नातून दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला गरिबांना जेवण. अट एकच. फाटकाशी आलेल्यानं त्या ड्यूकचं नाव घ्यायचं, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायची, मगच पाव हातात. नाव नाही तर पाव नाही.

आता खरं सांगायचं तर लोक काय नाव घ्यायचे? पुढचा जे पुटपुटला तेच मागचा पुटपुटायचा. मठातले साधू, म्हणजे ब्रदर, विचारायचे, "आज कुणाचा दिवस?" की सगळे मिळून, "ड्यूकचा!" झालं. मीसुद्धा त्यातलीच. मला पीठ आठवतं, नावं आठवत नाहीत.

पेरोनेल मावशीचं तसं नव्हतं. आई बाळंतपणात गेलेली, बाप द्राक्षमळ्यांवर राबणारा, दारूत बुडालेला. चार वर्षांची असल्यापासून ती एकटी वाडगं घेऊन रांगेत उभी राहायची. त्या वाडग्यावर ती वाढली. लहानपणी तिनं ड्यूक ओळखले ते खाण्यावरून. थिबो म्हणजे वाटाण्यांचा. गोशे म्हणजे राय धान्याचा काळा पाव आणि वर डुकराच्या चरबीचा गोळा. रनो उपवासाच्या दिवसांत मेलेला, म्हणून खारवलेला मासा. आणि सावारी! सावारीनं आयुष्यात शेजारच्या प्रत्येकाशी लढाया केल्या, त्यातल्या बहुतेक हरला, आणि येताजाता तीन गावं जाळली. मरताना घाबरला असणार बिचारा. त्याच्या दिवशी पांढरा पाव, मटण, वर तांब्याभर वाइन.

"सावारी भला माणूस," मावशी म्हणायची.

"अगं, तुझ्या आजोबाचं घर जाळलं त्यानं!" मी म्हणायचे.

"जाळलं ना. पण मला मटण कोण देतं? आजोबा?"

ती मोठी झाली, नदीवर मठाचे कपडे धुवायला लागली, जाकमें नावाच्या पिंपं बनवणाऱ्याशी लग्न केलं, साथीच्या वर्षी तो आणि दोन्ही मुलगे एका आठवड्यात गेले. एवढं होऊन बाई कडवट झाली नाही. कपडे आपटता आपटता ड्यूकांची नावं घ्यायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा भाऊ. "यांनी जगवलंय मला," म्हणायची, "खाल्ल्या अन्नाचं नाव घ्यायला जीभ झिजते की काय?"

मग एका ऑगस्टमध्ये मठावर वीज पडली. घंटाघराखालची पेटी जळाली, आणि पेटीत होती पुण्यतिथ्यांची वही. जुने ब्रदर साथीत गेलेले. दानधर्म बघणारे ब्रदर लांबेर ईस्टरलाच बाहेरून आलेले, वहीत वाचून वाटप करायचे. वही गेली आणि त्यांचे हातपायच गळाले. त्यात ड्यूकही नवा होता, गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं. वाड्यावरून निरोप आला : शपथेवर जेवढ्या पुण्यतिथ्या सिद्ध होतील तेवढ्या चालू, बाकी बंद.

चाळीस घरांचा हिवाळा त्या पावावर निघायचा. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, पेरोनेल.

नोव्हेंबर लागताच, ऑल सेंट्सच्या सणाच्या आठवड्यात, वाड्यावरचे दफ्तरदार मेत्र ओबेर आले. पन्नाशीचे, उंच, काळा झगा, ओठ असे मिटलेले की जणू बोलणं जपून वापरायचंय. फाटकाच्या वरच्या खोलीत त्यांनी लांबच लांब चामडी गुंडाळी टेबलावर उलगडली. घराण्याची वंशावळ. गोल गोल चौकटी, प्रत्येकीत रंगवलेलं डोकं, एकाखाली एक, लाल रेघांनी जोडलेली. ती त्यांनी स्वतःच त्या उन्हाळ्यात नव्यानं लिहून काढली होती. आम्ही सगळे दाराशी दाटीवाटीनं उभे.

मावशीला वाचता येत नव्हतं. त्यांनी एकेक नाव वाचलं, की ती त्या चौकटीवर वाकायची.

"थिबो."

"अगंबाई, हा वाटाण्यांचा! सतरा मार्च. केवढा बारीक काढलाय हो. एवढे वाटाणे घालणारा माणूस असा दिसेल होय?"

मेत्र ओबेरांच्या ओठांचा कोपरा हलला. मी पाहिला. सावारीपाशी तर तिनं हात जोडले. दिवस, पदार्थ, मापं, कोण कुणानंतर गादीवर आला, एकही चुकली नाही. पंधराच्या पंधरा. मेत्र ओबेर म्हणाले, "ज्या नावाला ही वंशावळ साक्ष आहे, त्याला दुसरा साक्षीदार नको. बाई, तुम्ही तर चालतीबोलती वही आहात." आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

मावशी अजून गुंडाळीवर वाकलेलीच.

"माझं लेकरू कुठंय?"

"कुठलं लेकरू?"

"एमेरी. रनो मेला तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. जानेवारीत मुलगा झाला. बाप मेलेला, म्हणजे जन्मला तोच ड्यूक. नऊ दिवस जगला. मग काका गादीवर बसला. आईनं आपली स्वतःची जमीन दिली मठाला. नऊ दिवस दूध आणि मऊ पाव, फक्त अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या लहान पोरांना. इथं रनोच्या खाली एकदम काकाच काढलाय तुम्ही. मधलं पोर कुठं गेलं?"

मेत्र ओबेरांचे ओठ परत मिटले. "असं कुणी नाही," ते म्हणाले. "बाई, नीट ऐका. आजचे ड्यूक त्या काकांच्या वंशातले. त्यांच्या वाडवडिलांत नसलेला ड्यूक तुम्ही शपथेवर घुसवलात, तर ती खोटी शपथ ठरेल. आणि एका ठिकाणी खोटा ठरलेला साक्षीदार सगळीकडेच खोटा. मग पंधराही गेले. उद्या सकाळी शपथ घ्यायची आहे. रात्रभर विचार करा."

कौलांवर गारा पडाव्यात तशा बायका तिच्यावर तुटून पडल्या. नदीवरच्या धुण्याच्या दगडांपाशी तिला घेरलं.

"एक एवढंसं पोर, मरून शंभर वर्षं झाली, आणि आमची पोरं उपाशी मारणार तू?"

"मोठी आलीय ड्यूकांची आजी!"

मीही सोडलं नाही तिला. उलट सगळ्यांत जास्त मीच बोलले. "मावशी, नऊ दिवस सोड, वर्ष वाचव. हिशेब कळत नाही का तुला? का डोक्यात सावारीची वाइन चढलीय?"

ती चादर पिळत होती. थांबली नाही. "माझा जन्म जानेवारीतला," म्हणाली. "आई गेली, दूध कुठून यायचं? बाप मला झग्यात गुंडाळून फाटकाशी घेऊन आला. कुणा बाईनं ते दूध पिऊन मला छातीशी घेतलं. सगळ्यांनी मला पोसलंय, गिबूर, पण सगळ्यांच्या आधी त्यानं. त्याला तर बाकी कुणी नाहीच नाव घ्यायला. ना लढाई केली, ना पूल बांधला. माझ्याच तोंडानं मी सांगू, तो नव्हताच म्हणून?"

"आणि चाळीस घरं?"

आता तिचे हात थांबले. "तेच तर," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. पाय आपटत घरी आले.

घरी माझी लेक चुलीपाशी बसून कांदे सोलत होती. सतरा वर्षांची घोडी. आणि मला मेलीला तेव्हा आठवलं. ही दहा दिवसांची होती, मला ताप आला आणि दूध आटलं. बकरी विकून झालेली. ते दिवस होते जानेवारीचे. नऊ दिवस मी स्वतः भाजलेला पाव स्वतःच दुधात बुडवून खाल्ला, पोरीलाही चिंधीनं दूध पाजलं, आठव्या दिवशी पान्हा परत आला. नाव कुणाचं घेतलं होतं मी? "ड्यूकचं," म्हटलं असेन. लाजेनं माझे कान तापले.

सकाळी मावशीनं मठातल्या संतांच्या पवित्र अस्थींवर हात ठेवला. पंधरा नावं सांगितली. मग श्वास घेतला आणि म्हणाली, "आणि एमेरी. नऊ दिवसांचा."

मागून कुणीतरी शिवी हासडली. मेत्र ओबेरांनी लेखणी खाली ठेवली. "याला दुसरा साक्षीदार आहे?"

मी पुढं गेले.

"मला नावं येत नाहीत," मी म्हटलं, "पण पाव येतो. जानेवारीत नऊ दिवस दुधात मळलेला, बिनमिठाचा, मुठीएवढा पाव करायचा, आणि भट्टीत घालण्याआधी काडीनं वर नऊ टोचे मारायचे. माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. दहा नाहीत, आठ नाहीत. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. काल कळलं. तो पाव खाऊन माझी लेक जगली. नव्हताच तो, तर मग मी इतकी वर्षं कुणाचे दिवस टोचत होते, साहेब?"

मेत्र ओबेरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग मावशीला विचारलं, "नऊ दिवसांच्या पोराचं नाव कोण लक्षात ठेवतं?"

"जो त्याचं दूध प्यालाय तो."

त्यांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. गुंडाळी बांधली आणि निघून गेले.

त्यानंतरचे दोन महिने देवानं वैऱ्यालाही दाखवू नयेत. वाड्यावरून चकार शब्द नाही. ब्रदर लांबेर साठ्यातलं थोडंफार वाटत होते. मावशीशी कुणी धड बोलत नव्हतं, माझ्याकडे पाहून बायका थुंकत होत्या. आम्ही दोघी एकत्र कपडे धुवायचो, एकत्र भट्टीशी बसायचो. घाबरलेल्या होतो दोघीही.

एमेरीचा पहिला दिवस उजाडला. हुकूम नाही. मी तरीही घरचं पीठ मळलं, जेवढं होतं तेवढं, आणि टोचे मारले. ब्रदर लांबेरांनी मुकाट्यानं गायीचं दूध काढून आणलं. बर्फ पडत होतं. पाजत्या बायका पोरांना पोटाशी धरून आल्या, खाली मान घालून. मावशी खांबाशी उभी राहिली आणि मोठ्यानं नाव घेतलं. तेवढ्यात घोडं आलं.

मेत्र ओबेर उतरले. ब्रदरांच्या हातात मोहोरबंद कागद दिला. ब्रदरांनी वाचला, परत वाचला, आणि त्यांचा आवाज फुटला. "सोळा! सगळे सोळा, पूर्वीसारखे, कायमचे!"

काय ओरडा झाला म्हणून सांगू! ज्या थुंकत होत्या त्याच माझ्या गळ्यात पडल्या. मी दोघींना ढकललं, तिसरीला मिठी मारली. पण मेत्र ओबेर मावशीसमोर जाऊन उभे राहिले होते, टोपी हातात.

"ड्यूकांच्या बाईसाहेबांना," ते म्हणाले, "उन्हाळ्यात मुलगी झाली. चार दिवस होती. वंशावळ मीच लिहीत होतो तेव्हा. अशा पोरांना चौकट काढत नाहीत, म्हणून मी काढली नाही. बाईसाहेबांनी गुंडाळीवर बोट फिरवून तिला शोधलं, ती सापडली नाही. तुमची साक्ष मी त्यांच्यासमोर वाचली. त्या रडल्या. त्यांनीच ड्यूकांकडून मोहोर लावून घेतली. त्यांचं म्हणणं आहे, एमेरीच्या पहिल्या चार दिवसांत त्यांच्या लेकीचंही नाव घ्याल का. त्यासाठी त्या वेगळं दूध देतील."

"वेगळं कशाला," मावशी म्हणाली. "नाव काय पोरीचं?"

त्यांनी हातातली टोपी छातीशी धरली. "आव्हीस," म्हणाले.

"आव्हीस," मावशी म्हणाली. मग रांगेकडे वळून, "ऐकलंत ना? एमेरी, आणि आव्हीस. नीट म्हणा. पुटपुटायचं नाही."

बायकांनी म्हटलं. बोबडं बोलणाऱ्या पोरांनीही म्हटलं. मेत्र ओबेर घोड्याकडे निघाले तशी मावशीनं माझ्या टोपलीतून एक पाव उचलला आणि त्यांच्या मागं गेली.

"हा बाईसाहेबांना द्या. गार व्हायच्या आत नाही पोचणार, पण द्या."

"बाई," ते म्हणाले, "हा पाव फक्त लेकुरवाळीला मिळतो, असं तुम्हीच शपथेवर सांगितलंय."

"मग?" मावशी म्हणाली. "त्या लेकुरवाळ्याच आहेत."