रामघाटावर सोडलेली पावती

आमच्या घरी देवाचं नाव छापलेला कागद रद्दीत जात नाही. लग्नपत्रिका, जुन्या पंचांगाची पानं, उदबत्तीच्या पुड्यांची वेष्टनं, सगळं काका एका कापडी पिशवीत साठवतात आणि एकादशीला रामघाटावर जाऊन गंगेत सोडतात. नदीत कागद टाकू नका, असं पत्रक मी कॉलेजात असताना काढलं होतं. त्याच्या माथ्यावर 'गंगामाई' असं होतं, म्हणून काकांनी तेही जपून पिशवीत ठेवलं आणि एकादशीला सोडलं.

त्यांच्या कानाच्या मशीनची पावतीही त्याच वाटेनं गेली. वर 'श्री गणेशाय नमः', खाली मशीनचा नंबर.

काका ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या घरात वेद शिकवतात. पुस्तक समोर नसतं. त्यांनी म्हणायचं, विद्यार्थ्यांनी ऐकून म्हणायचं, चुकलं की काकांनी बोट वर करायचं. उजवा कान कधीचाच गेला होता, डावाही जायला लागला तेव्हा मशीन घेतली. पंधरा दिवसांत ती घरघरायला लागली.

"पंडितजी, बिल दिखाइए, बदल देंगे," दुकानदार म्हणाला. बिल कुठे गेलं ते काकांनी खरं खरं सांगितलं. तो हसला नाही. "फिर हम कंपनी को क्या दिखाएँ? गंगाजी की रसीद?"

मी पत्रकांवर वाढले. वडील बँकेच्या युनियनमध्ये होते, पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. 'शोषण' हा शब्द मला 'शेंगदाणा'च्या आधी लिहिता आला. तेव्हा ग्राहक आयोगात द्यायची तक्रार मी एका बैठकीत लिहून काढली. चार पानं. बाजारपेठेची नफेखोरी, वृद्धांची लूट, सगळं होतं.

आयोगाच्या कचेरीतल्या बाईंनी चारही पानं वाचली. चष्मा खाली घेतला.

"बिटिया, भाषण अच्छा है। मशीन किस तारीख़ को ली?"

मला माहीत नव्हती.

"ख़राब क्या हुआ? और चाहिए क्या, नई मशीन या पैसा?"

तेही मी लिहिलं नव्हतं. रागानं माझे कान तापले; राग त्यांचा नव्हता, माझाच होता. मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. वकील केलाच पाहिजे असं नाही. काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलं, दुकानदार काय म्हणाला, काय हवं, एवढंच लिहायचं. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुराव्याच्या झेरॉक्स, एक संच आयोगाला, एक समोरच्याला, एक आपल्याला. पानांना नंबर घालायचे. आणि पावतीच पाहिजे असं नाही, तिथूनच घेतलं हे दिसलं पाहिजे. "डिब्बा तो होगा?"

डबा होता. काकांनी त्यात जानवी ठेवली होती.

"थांब, पारोशी हात लावू नकोस. मी काढतो," काका म्हणाले, आणि एकेक जानवं काढून ताटात ठेवत बसले. एरवी या सोवळ्याओवळ्यावरून मी त्यांच्याशी तासभर भांडले असते. त्या दिवशी गुमान उभी राहिले. डबा रिकामा झाल्यावर बाजूला चिकटवलेली मशीनच्या नंबराची चिठ्ठी दिसली, आणि तिच्यावर दुकानाचा शिक्का, तारखेसकट.

दुसरी तक्रार दीड पानाची झाली. लिहिताना मला ती फार मिळमिळीत वाटत होती.

मग तारखा. एका तारखेला दुकानातर्फे कुणी आलंच नाही, एका तारखेला त्यांच्या वकिलांनी मुदत मागितली. बाकावर आमच्या शेजारी एक बाई मिक्सर पिशवीत घालून बसायची. दर वेळी पूर्ण मिक्सर आणायची, कुणी 'दाखवा' म्हटलं तर असावा म्हणून. काका तिला दर वेळी नमस्कार करायचे. आठ महिने गेले, आणि आठही महिने घरात वर्ग चालू होता.

अखेर सुनावणी झाली. समोरचे वकील म्हणाले, मशीन ठीक आहे, पंडितजींचं वय झालंय, त्यांना ती वापरता येत नाही. मी उठलेच. पीठावरच्या सदस्य बाई म्हणाल्या, "आप बैठिए। उनसे सुनना है।" आणि त्यांनी मोठ्यानं काकांना विचारलं, त्रास नेमका काय होतो?

काका हात जोडून उभे राहिले. त्यांच्या जुन्या वळणाच्या हिंदीत म्हणाले, की वेदात आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, यावर सगळं असतं. मशीन लावली की चढलेला आणि उतरलेला आवाज एकच ऐकू येतो, वर घरघर. "पोरं चुकतात आणि मी शाबास म्हणतो. ती काही बोलत नाहीत. मला लाजवायला नको म्हणून ती चुकीचंच पाठ करतायत."

घरी हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या दीड पानात 'उपकरण में आवाज़ की गड़बड़ी' असं लिहिलेलं होतं.

सदस्य बाईंनी ते त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि टाइप करायला सांगितलं. मग वकिलांना विचारलं, "मशीन जाँच को भेजें, या बदल रहे हैं?" वकील व्हरांड्यात जाऊन फोनवर बोलून आले. पुढच्या तारखेला दुकानदार स्वतः नवी मशीन घेऊन आला, आयोगाच्या बाकावर बसून त्यानंच ती काकांच्या कानात बसवली. "ये बिल है पंडितजी। इसको नहलाइएगा मत।" वर गणपती होताच. तडजोड कागदावर आली, सह्या झाल्या. मिक्सरवाल्या बाईला पुढची तारीख मिळाली होती.

मला वाटलं होतं, आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुरू झाला. मी जिन्यात उभी होते. दोन ओळी झाल्या नाहीत तोच काकांचं बोट वर गेलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा बोट. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि पहिली मशीन आणली तेव्हा कुठला धडा चालला होता, ते विचारलं.

सगळ्यात थोरल्या विद्यार्थ्यानं खाली बघत सांगितलं.

"मग तिथून," काका म्हणाले.