कप्पीला कप्पी म्हणणारा नागोजी

नागोजी मूळ गुंजीचा. चाळीस वर्षांपूर्वी बेळगावात आला आणि उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत जड माल उचलायच्या कामाला लागला. साखळी, हूक आणि कप्पी यांतच त्याचं आयुष्य गेलं. शिक्षण चौथीपर्यंत. तरी खडेबाजारातल्या आमच्या कचेरीला, जिथं परदेशी मालाचे सीमाशुल्काचे कागद तयार होतात, त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा मिळाला नाही.

सीमाशुल्काच्या दरपत्रकात उचलायच्या यंत्रांना चार सलग घरं आहेत. कप्पी, विंच आणि जॅक चौऱ्याऐंशी पंचवीस क्रमांकाच्या घरात, क्रेन सव्वीसमध्ये, फोर्कलिफ्ट सत्तावीसमध्ये आणि लिफ्ट, सरकते पट्टे वगैरे उरलेलं अठ्ठावीसमध्ये. यंत्र कुठल्या घरात जातं, कशासाठी आहे, यावर कर आणि सवलत ठरते. विकणारा मात्र मनाला येईल ते नाव छापतो. मी बी.कॉम.; पोलादातलं मला काय कळणार? शंका आली की मी नागोजीला गाठायचो. तो यंत्राभोवती एक फेरी मारायचा, साखळी हातात घ्यायचा.

"अण्णा, हे उचलायचं न्हाय, वडायचं हाय. वजन धरून ठेवायचा ब्रेकच न्हाय ह्याला. टांगून बघा, खालचा मेलाच."

मी कचेरीत येऊन 'विंच' लिहायचो. एकोणीस वर्षांत त्याचं एकदाही चुकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको शालूबाई कमरेखाली लुळी पडली. अनगोळच्या दोन खोल्यांत रोज सकाळी तिला खाटेवरून खुर्चीत घ्यायला नागोजी आणि शेजारच्या यशोदाबाई, दोघंही लागतात. नागोजी आता एकसष्टचा आहे. "माझी कंबर गेली की हिला कोण उचलणार?" एवढाच प्रश्न तो विचारी. दवाखान्यात रोग्याला झोळीत बसवून उचलणारं यंत्र त्यानं एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून तसं एक घरी असावं, हे त्याच्या डोक्यात बसलं.

ही गोष्ट त्याच्या मालकाला, परदेशी यंत्रं आणून विकणाऱ्या युवराजला, ठाऊक होती.

युवराजनं विजेवर चालणारी चाळीस यंत्रं परदेशातून मागवली. कागदावर नाव 'पेशंट लिफ्टर'. कॅटलॉगवर झोळीत बसून हसणारी म्हातारी. मी अपंगांच्या साधनांची सवलत मागून कागद तयार केले. माल पाहिला नाही. निवृत्तीला अकरा महिने उरलेत, कशाला धावपळ करायची, असं मी स्वतःला समजावलं. त्या आळसाची मला आजही किळस येते.

माल सवलतीत सुटला. मग सीमाशुल्क खात्याचं पत्र आलं की सवलतीचा माल खरोखर त्याच कामाचा आहे का, हे बघायला अधिकारी गोदामात येणार. आदल्या दिवशी मी तिथं गेलो, तर नागोजी हुकांना हिरव्या कापडाच्या झोळ्या अडकवत होता. झोळ्या खडेबाजारात शिवून घेतलेल्या. यंत्रं फाउंड्रीत वापरतात तसलीच, अर्धा टन वजन उचलणारी.

"नागोजी, हे काय?"

त्यानं वर पाहिलं नाही. "साहेब म्हनत्यात, यातलं एक घरी बसवून देतो. उद्या शालूला झोळीत बसवून दाखवायचं."

"आणि तू व्हय म्हणालास?"

"कंबर माझी हाय अण्णा, तुमची न्हाय."

मी तसाच परतलो. सवलत मागणाऱ्या कागदावर सही माझीच होती.

दुसऱ्या दिवशी शालूबाईला रिक्षातून आणलं. युवराजनं तिच्या मांडीवर नवी शाल टाकली होती, फोटोसाठी. चाकाच्या खुर्चीत ती अवघडून बसली होती आणि तो हसत सगळ्यांना चहा देत होता. पूर्णिमा नावाच्या तरुण अधिकारी बाई आल्या, कागद वाचले, म्हणाल्या, "दाखवा."

नागोजी पुढं झाला. पण शालूबाईकडं न जाता त्यानं फाउंड्रीच्या वाळूचं पोतं आणून झोळीत ठेवलं.

"हे काय रे?" युवराज हसला. "बायकोपेक्षा पोत्यावर जीव व्हय तुझा?"

"पोतं फाटलं तर शिवता येतंय साहेब."

त्यानं बटण दाबलं. साखळी कडकडली. पोतं झटक्यानं वर गेलं, थांबताना वीतभर खाली आलं, मग ब्रेक लागला. झोका एवढा बसला की पोतं खांबावर आपटून फाटलं आणि वाळू खाली सांडत राहिली.

"नवीन मशीन आहे मॅडम, सेटिंग राहिलंय," युवराज म्हणाला.

बाई शालूबाईकडं वळल्या. "आजी, तुम्ही बसणार का यात?"

"त्या कप्पीत?" शालूबाई म्हणाली. "माझ्या माहेरी गिरणीत असल्याच कप्पीनं भाताची पोती चढवत्यात. मी काय भात हाय व्हय?"

"कप्पी?" बाईंनी नागोजीला विचारलं.

युवराज त्याच्याकडं रोखून बघत होता. नागोजीनं वर टांगलेल्या यंत्राकडं पाहिलं, मग बायकोच्या पायांकडं.

"व्हय मॅडम. कप्पीच हाय. माणसाची न्हवं."

बाईंनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"चौऱ्याऐंशी पंचवीस."

"मग कागदावर?"



पुढचं सगळं हिशेबशीर झालं. युवराजनं कराचा फरक भरला, दंड भरला, कप्प्या कप्प्या म्हणूनच विकल्या. महिन्याभरात पुढच्या मालाचे कागद घेऊन तो आमच्या कचेरीत आला आणि आमच्या मालकांनी त्याच्यासाठी खुर्ची पुसली. मी ते कागद परत केले. ते दुसऱ्या कारकुनाच्या टेबलावर गेले. नागोजीला मात्र दुसऱ्याच दिवशी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

गेल्या रविवारी सकाळी मी अनगोळला गेलो. यशोदाबाई लेकीकडं निपाणीला गेलेल्या. नागोजी एकटाच खाटेपाशी उभा होता.

"अण्णा, बरं झालं आलासा. पायाकडनं धरा."

मी घोट्यांपाशी धरलं.

"तिथं न्हवं," शालूबाई म्हणाली. "गुडघ्याखाली हात घाला. कागद उचलताय व्हय?"

नागोजी हसला आणि लगेच कमरेवर हात ठेवून थांबला. मग त्यानं तिला काखेतून धरलं.

"हळू रं," ती म्हणाली. "धक्का नको."

आम्ही तिला उचललं.