तीन निळे कोट आणि एक बॅग

बीजिंगच्या दहा दिवसांनी माझ्या वहीची बावीस पानं भरली. रोजची नोंद, वेळेसकट. पण लखनौच्या इंदिरा नगरला आमच्या गॅलरीत चार मंडळी चहाला बसली, की त्या बावीस पानांची साठ होतात, आणि त्यात खोटं काही नसतं! वहीत मावलं नाही ते मंडळी विचारून विचारून बाहेर काढतात.

आधी माझं काम सांगतो. लखनौच्या आमच्या प्रयोगशाळेत दगड झालेल्या झाडांचा अभ्यास चालतो. साहेब लोक अभ्यास करतात, मी दगड कापतो. कापलेली चकती काचेवर पूड टाकून बोटांनी घासत जायची. इतकी, की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर तिच्यातून अक्षरं वाचता आली पाहिजेत. मी मॅट्रिक. हे काम मला कोणी शिकवलं नाही. चकत्या फोडून फोडून शिकलो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. चीनला जाणाऱ्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली. आमचे पुण्याचे डॉक्टर पटवर्धन, लखनौचेच मिश्राजी आणि तिसरं नाव माझं! ऑफिसचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, श्रीवास्तवजी बोर्डापुढे चष्मा पुसत उभे होते. म्हणाले, "दो साइंटिस्ट, और ये सावंत? अच्छा, अच्छा! बैग उठाने के लिए भी तो कोई चाहिए!"

सगळे हसले. डॉक्टर मागून चालले होते. त्यांनी ऐकलं, तोंडात वेलदोडा टाकला आणि निघून गेले.

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. बायको म्हणाली, "अहो, हे कशाला लिहिता? विसरून जा की!"

विसरायला होत नव्हतं, म्हणून लिहिलं.

*

दुसऱ्याच दिवशी ओळखपत्राच्या फॉर्मवर अंगठा द्यायचा होता. तीनदा शाई लावली, तीनदा दाबला. कागदावर नुसता काळा गोळा! वीस वर्षं दगड घासून अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या.

श्रीवास्तवजी फॉर्म उजेडात धरून म्हणाले, "सावंतजी, आप तो बड़े काम के आदमी हैं. चोरी कर लें, तो पुलिस भी न पकड़ पाए!"

*

थंडीसाठी कोट हवे होते. अमीनाबाद बाजारातल्या शिंप्याकडे एकच ताका शिल्लक होता, गडद निळा. तिघांचे बंद गळ्याचे कोट त्यातलेच. आरशात आम्ही मोठे रुबाबदार दिसलो.

बीजिंगला उतरलो तर सगळं शहर निळ्या बंद गळ्याच्या कोटात!

जुन्या राजवाड्यात एका गोऱ्या बाईंनी मिश्राजींना तिथलाच रखवालदार समजून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. आता मिश्राजी पडले लखनौचे. दारी आलेल्याला "मला ठाऊक नाही" म्हणणं त्यांच्या तोंडून निघायचं नाही. कमरेत वाकून "प्लीज कम" म्हणाले आणि बाईंना घेऊन चालू लागले!

अर्ध्या तासाने एकटेच परत आले. डॉक्टरांनी विचारलं, "मिला?"

"नहीं मिला," मिश्राजी घाम पुसत म्हणाले, "लेकिन मैडम ने तीन महल देख लिए!"

*

मिश्राजींना प्रत्येक इमारतीपुढे लखनौचा इमामबाडा आठवायचा. राजवाड्यात दालनामागून दालनं आणि लाल रंगाचे हे एवढाले खांब. मिश्राजी प्रत्येक दालनात थांबून आमच्या दुभाषी मिस लिनना सांगायचे, "आमच्या इमामबाड्याचं दालन याहून मोठं आहे, आणि त्यात एकही खांब नाही!"

मिस लिन बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. हातात छोटी वही. माझ्यासारखीच सगळं टिपून घ्यायची. पहिल्या दिवशी "नो पिलर?" म्हणून तिने डोळे मोठे केले. दुसऱ्या दिवशी नुसती मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी स्वर्गमंदिर पाहायला गेलो. गोल, निळ्या कौलांचं, बघत राहावं असं. मिश्राजी पायऱ्या चढून दारात पोचले, तोंड उघडणार, एवढ्यात मिस लिन वही उघडून गंभीरपणे म्हणाली, "मिस्टर मिश्रा, अठ्ठावीस खांब आहेत. सॉरी!"

*

चीनच्या भिंतीवर मी पायऱ्या मोजत चढलो. डॉक्टर मध्येमध्ये "किती झाल्या हो?" विचारून माझा आकडा चुकवत होते. बुरुजावर पोचल्यावर धापा टाकत म्हणाले, "भिंत उत्तम आहे. पण आमच्या सिंहगडावर वर पोचलं की मडक्यातलं दही मिळतं!"

मला मराठीत म्हणाले, पण मिस लिनने अर्थ विचारला आणि मी तो सांगून बसलो. आम्ही खाली उतरलो, तर ती हातात चिनी मातीची चार लहान मडकी घेऊन उभी. वर कागद बांधलेला, त्यात नळी खुपसलेली. दही! तेही मडक्यातलं!

डॉक्टरांनी मडकं रिकामं होईपर्यंत नळी सोडली नाही. मग मिशा पुसत म्हणाले, "जरा आंबट आहे."

*

एका बागेत गिंकोची झाडं होती. पानं पंख्याच्या आकाराची, त्या दिवसांत पिवळीधमक, खाली सडा पडलेला. हेच पान मी कितीदा तरी दगडात पाहिलं होतं. झाडावर हलताना पहिल्यांदाच पाहत होतो. डॉक्टर तर गुडघ्यांवर बसले आणि पानं वेचून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवू लागले.

शिट्टी वाजली! दंडाला लाल पट्टी बांधलेल्या एक आजीबाई तरातरा आल्या. पडलेलं पान उचललं तरी हिशेब द्या, असा चेहरा. डॉक्टर मिस लिनला म्हणाले, "त्यांना सांगा, तीस वर्षं मी हे पान फक्त दगडातच पाहतोय."

मिस लिनने सांगितलं. आजीबाई डॉक्टरांकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यातला झाडू आणला, भराभर ढीग केला आणि माझी बॅग उघडून पानं दाबून दाबून भरली.

चेन लागेना. आजीबाईंनी गुडघा देऊन लावली!

*

शेवटच्या दिवशी निसर्गाचं म्युझियम. दगड झालेली अख्खी खोडं तिथे उभी होती. दारात सगळे अधिकारी ओळीने उभे. डॉक्टरांचं हस्तांदोलन झालं, मिश्राजींचं झालं, मग माझं. ओळीच्या टोकाला राखाडी एप्रन घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. माझा अंगठा खिडकीकडे वळवला, त्यावरून आपलं बोट फिरवलं. मग स्वतःचा अंगठा पुढे केला.

गुळगुळीत! एक रेष नाही.

ते काहीतरी बोलले. मिस लिन हसू दाबत म्हणाली, "ते म्हणतायत, या दोघा साहेबांना चहा द्या."

आणि मला घेऊन ते मागच्या खोलीत गेले! तीच काच, तीच पूड, तोच खरखर आवाज. एक चकती त्यांनी घेतली, एक मला दिली. दीड तास आम्ही घासत होतो. शेवटी त्यांनी माझी चकती चिनी वर्तमानपत्रावर ठेवली. मला त्यातलं एक अक्षर येत नाही, पण प्रत्येक अक्षराची रेघन् रेघ दिसत होती.

निघताना त्यांनी आपली घासायची काच माझ्या हातांत ठेवली. जाड, जड, मध्यभागी झिजून खोलगट झालेली. आयुष्यभराची असणार. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बाहेर आलो. हस्तांदोलनासाठी दारात खाली ठेवलेली पानांची बॅग जमिनीवरच राहिली होती. डॉक्टरांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाकले आणि बॅग खांद्याला लावून बसकडे चालू लागले. मिश्राजींनी फोटो काढला.

लखनौला आल्यावर फोटो ऑफिसात फिरले. श्रीवास्तवजींनी तो फोटो बराच वेळ हातात ठेवला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"ये क्या? बैग तो डॉक्टर साहब ने उठा रखी है!"

डॉक्टर सही करायला तिथेच टेबलाशी उभे होते. मान वर न करता म्हणाले, "श्रीवास्तवजी, आप ही ने तो कहा था, बैग उठाने के लिए भी कोई चाहिए. हम गए थे न!"